आकाश पेला, पण खांदे कानाला लावू नका: छीगोंग शिकताना या चुका टाळा

सिंगापूरला मुलीकडे राहत होते, तेव्हा सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस चिनी आजी-आजोबा छोट्या स्पीकरवर संगीत लावून संथपणे हात वरखाली करताना दिसायचे. मला वाटलं, रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या बाईला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. गेले, मागच्या रांगेत उभी राहिले. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा दुखायला लागला, मान आखडली आणि अधूनमधून गरगरायलाही लागलं. इतक्या हळू व्यायामाने कोणाला दुखतं का? दुखतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आपणच असतो.

ते होतं छीगोंग, म्हणजे संथ हालचाल आणि श्वास यांचा चिनी व्यायाम. तो गट त्यातला 'बादुआनजिन' हा प्रकार करायचा, म्हणजे 'किनखापाचे आठ तुकडे'. बाराव्या शतकातल्या चिनी लिखाणातही या नावाचा उल्लेख सापडतो. आज बहुतेक ठिकाणी शिकवतात ती आवृत्ती चीनच्या क्रीडा प्रशासनाने 2003 च्या सुमारास प्रमाणित करून घेतलेली आहे. आठ हालचाली, साधारण 12 मिनिटं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. 'छी' म्हणजे श्वास, प्राणशक्ती, आणि 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेलं कसब. आपण मंडळी 'छी'च्या मागे धावतो आणि 'गोंग' विसरतो.

सगळ्यात मोठी चूक: जोर लावणं

पहिल्या हालचालीत दोन्ही हातांची बोटं गुंफून, तळवे वर फिरवून आकाश पेलायचं असतं. मी ते असं पेलत होते, की खांदे कानाला टेकलेले, छाती पुढे आलेली, दात आवळलेले. आमच्या शिकवणाऱ्या आन्टी (तिथे सगळ्याच वयस्क बायका आन्टी) काही बोलल्या नाहीत. मागून आल्या आणि दोन बोटांनी माझे खांदे खाली दाबले. हात जवळजवळ तेवढेच वर राहिले, पण मानेवरचा ताण गेला.

यासाठी चिनी शब्द आहे 'सोंग'. आपण त्याला सैल म्हणू, पण ढेपाळलेलं नव्हे. ओल्या कपड्यासारखं लोंबायचं नाही. टाळू वरून दोरीने हलकेच ओढल्यासारखी, हनुवटी किंचित आत, कंबर मोकळी, आणि जेवढा जोर लागेल तेवढाच. किती, याचं एक सोपं माप बरेच शिक्षक देतात: तुमच्या क्षमतेच्या सत्तर टक्के. हात पूर्ण ताणता येत असतील, तरी थोडे अलीकडेच थांबा. 'घाम नाही आला तर व्यायाम कसला' अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. मला अजूनही जातं.

स्वतःला तपासायचं असेल तर हालचालीच्या मधेच थांबून जबडा बघा. जबडा आवळलेला असेल तर खांदेही आवळलेलेच असणार.

श्वास: प्राणायाम बाहेर ठेवून या

ही चूक खास आपली, योग करणाऱ्यांची. हात वर गेले की पूरक, वर थांबले की कुंभक, घशातून उज्जायीचा आवाज. छीगोंगमध्येही हात वर नेताना श्वास घेतात, खाली आणताना सोडतात, आणि प्रमाणित पद्धतीत ताणाच्या टोकाला क्षणभर थांबतातही. पण ही जोडणी नंतर येते. पहिले काही आठवडे हालचाल शिका आणि श्वासाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. श्वास संपला आणि हात अजून वरच आहेत? मग मधेच एक साधा श्वास घ्या. काही बिघडत नाही.

दोन तक्रारी नेहमी येतात. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर वाटतात, डोकं हलकं होतं. पुष्कळांना वाटतं, छी वाहायला लागली. बहुधा नाही. गरजेपेक्षा जास्त खोल आणि भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमकं असंच होतं. थांबा, बसा, श्वास नेहमीसारखा होऊ द्या. दुसरी तक्रार उलट प्रकारची: श्वास रोखून जोर लावल्यामुळे डोक्यात दाब वाटणं. त्या क्षणी रक्तदाब खरोखर चढतो, म्हणून रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी श्वास अजिबात रोखू नये. आणि छीगोंग सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

पोटाने श्वास घ्या म्हणजे पोट फुगवून दाखवा, असं नाही. तळहात बेंबीखाली ठेवा. हात आपोआप थोडा पुढे येतो का, एवढंच बघा.

गुडघा

दुसऱ्या हालचालीत घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून धनुष्य ओढायचं असतं. माझा गुडघा इथेच गेला. व्हिडिओतला तरुण मुलगा मांड्या जवळजवळ आडव्या करतो, म्हणून मीही खाली बसत होते आणि गुडघे आत पडत होते. किती खाली बसता हे महत्त्वाचं नाही. पावलं समांतर ठेवा (बाहेर फाकवलीत की बैठक सोपी वाटते, पण ती फसवी असते) आणि गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहू द्या. चार बोटं खाली बसलात तरी पुरे. आरशासमोर समोरून आणि बाजूने दोन्हीकडून बघा, कारण आपले गुडघे आत चाललेत हे वरून दिसत नाही. तरीही दुखलं तर ती हालचाल उभ्यानेच करा. बरेच आजोबा तर खुर्चीवर बसून करायचे.

'मला काहीच जाणवत नाही'

ऊब, झिणझिण्या, तळहातांत चुंबकासारखी ओढ असं कोणाकोणाला जाणवतं. जाणवलं तर ठीक, नाही जाणवलं तरी ठीक. चीनमध्ये 1980 च्या दशकात छीगोंगचं प्रचंड वेड आलं होतं. अनुभूतीच्या मागे लागून तासन् तास साधना करणाऱ्या काहींना भास व्हायला लागले, भ्रम झाले. तिथे अशा बिघाडाला जुना शब्दप्रयोग आहे, 'झोउ हुओ रू मो', म्हणजे आग भरकटली आणि भूत शिरलं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 1994 च्या वर्गीकरणातही छीगोंगशी जोडलेल्या अशा मानसिक प्रतिक्रियेची नोंद होती. बारा मिनिटांच्या बादुआनजिनने असं होईल म्हणून घाबरायला नको, पण पूर्वी मानसिक आजार झाला असेल तर दीर्घ ध्यानाचे प्रकार घरी एकट्याने करू नका.

उरलेल्या हालचालींतल्या बारीकसारीक खोड्या

चौथ्या हालचालीत मागे वळून बघायचं असतं. फक्त मान वळवायची, छाती समोरच ठेवायची. बहुतेक जण कंबरेतून अख्खे वळतात आणि मानेला काहीच मिळत नाही. पाचव्या हालचालीत खाली बसून डोकं आणि 'शेपूट' (म्हणजे माकडहाडाचा भाग) हलवायचं असतं. चक्कर येत असेल तर ती सोडून द्या. सहाव्या हालचालीत हात पायांच्या मागून सरकवत पावलांपर्यंत जायचं असतं. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा रक्तदाब चढता असेल तर गुडघ्यांपर्यंतच जा, डोकं खाली लोंबू देऊ नका. सातवीत मुठी आवळून डोळे वटारायचे असतात. आपल्याला लाज वाटते म्हणून डोळे अर्धवट मिटतो. मनापासून वटारा! मूठ वळताना अंगठा आत, अनामिकेच्या मुळाशी ठेवायचा आणि त्यावर बोटं मिटायची.

आठवी म्हणजे शेवटची. टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं, खाली सोडायच्या, असं सात वेळा. तिथे लोक टाचा दाणकन आपटतात, आणि कवटीपर्यंत हादरा जातो. आधी अर्धं अंतर हळू उतरायचं आणि मग उरलेलं हलकेच सोडायचं. हाडं ठिसूळ असतील तर सोडायचं नाही, अलगद टेकवायचं. तोल जात असेल तर भिंतीला बोट लावा. पुण्याला परत आल्यावर मी हे पहिल्यांदा घरात केलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, काही पडलं का? आता येत नाहीत.