अल्कधर्मी खडकांतले दुर्मीळ धातू: नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याआधी या चुका टाळा

‘अल्कधर्मी’ म्हटलं की लिटमस आठवतो. तोंडी परीक्षेत कुणीतरी ‘ज्याचा सामू सातपेक्षा जास्त तो खडक’ असं सांगतोच. त्याला हसू नका, शब्दच फसवा आहे. इथे अल्कली म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम. सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या मानाने हे दोघे वरचढ झाले की खडक अल्कधर्मी ठरतो. त्यामुळे ‘यात क्वार्ट्झ नसतोच’ हाही गैरसमज. राजस्थानात बालोतरा (पूर्वी बाडमेर) जिल्ह्यातल्या सिवाण्याच्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर आहे, तरी तो पेरअल्कलाइन (ॲल्युमिनियमला पुरून उरेल इतकी अल्कली असलेला) आहे आणि दुर्मीळ मृदांचा (लँथेनम, सिरियम यांसारख्या धातूंचा) शोध तिथे चालतो.

नेफेलीन हे सिलिका कमी असलेलं खनिज ज्यात असतं, त्या नेफेलीन सायनाइट खडकामध्ये मात्र क्वार्ट्झ नसतो. नेफेलीन आणि क्वार्ट्झ एकाच शिलारसातून शेजारी-शेजारी स्फटिकत नाहीत, त्यांचा मिळून फेल्डस्पार होतो. तरीही नेफेलीनला क्वार्ट्झ समजणं ही प्रत्यक्ष खडकापाशी होणारी पहिली चूक. ताज्या फोडीवर दोघेही करडे, तेलकट दिसतात. म्हणून आधी हवा-पाणी खाल्लेली बाजू बघा. नेफेलीन झिजून तिथे खळगे पडलेले असतात, क्वार्ट्झ वर उठून दिसतो.

टक्के तसेच भागणं

खडक पेरअल्कलाइन आहे का हे ठरवताना सोडियम व पोटॅशियमच्या ऑक्साइडांची बेरीज ॲल्युमिनाने भागतात. उत्तर १ च्या वर आलं तर पेरअल्कलाइन. पण हा भागाकार मोलचा, वजनाचा नाही. समजा अहवालात सोडियम ऑक्साइड ८ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ५ टक्के आणि ॲल्युमिना १५ टक्के आहे. टक्के तसेच भागले तर ०.८७ येतात आणि नमुना बाजूला पडतो. प्रत्येक आकडा आपापल्या रेणुभाराने (६२, ९४, १०२) भागून बघा, उत्तर १.२४ येतं. असे नमुने निव्वळ कॅल्क्युलेटरच्या घाईने फेकले जातात.

या १ च्या रेषेला एवढं महत्त्व का? साध्या ग्रॅनाइटच्या शिलारसात झिर्कोनियम फारसं विरघळत नाही. थोडं साठलं की लगेच झिरकॉनचे स्फटिक होतात आणि धातू खडकभर विखुरला जातो. ॲल्युमिनियमला पुरून उरलेली अल्कली असली की चित्र पालटतं. तीच झिर्कोनियमला विरघळलेलं धरून ठेवते, निओबियम आणि दुर्मीळ मृदाही अशाच रसात टिकतात. फेल्डस्पार, नेफेलीन आधी स्फटिकत जातात, उरलेला रस धातूंनी दाट होत जातो. फ्लोरिनमुळे तो पातळही राहतो, म्हणून जड स्फटिक तळाशी बसू शकतात. दक्षिण ग्रीनलंडमधल्या इलिमाउसाकला हे डोळ्यांनी दिसतं: काळा आर्फ्वेडसोनाइट (सोडियम-लोहाचं खनिज), लाल युडियालाइट (झिर्कोनियमचं खनिज), पांढरा फेल्डस्पार-नेफेलीन, आणि याच तिघांची थप्पी २९ वेळा. सुमारे ११६ कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक एकदा नीट पाहिला की ‘धातू खालून वाफेबरोबर आला’ असं सरसकट लिहायला हात धजत नाही.

सह्याद्रीत शोधणं

‘आपलं अख्खं महाराष्ट्र लाव्ह्याचं, मग आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर पहिल्या धारेत आहे. प्रावरण वितळायला लागलं की हे धातू सगळ्यांत आधी रसात उतरतात. थोडंच वितळलं तर रस पहिल्या धारेचा, कडक. भरपूर वितळलं तर तोच माल पातळ होतो. दख्खनचा बहुतेक बेसॉल्ट असा पातळ आहे. मुरुड-जंजिऱ्याकडे अल्कधर्मी डाइक (भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाच्या भिंती) आहेत, पण डाइक दिसला म्हणजे खाण सापडली असं नव्हे. दख्खनच्या काळातलं खरं ठिकाण गुजरातेत छोटा उदेपूरजवळ आहे, अंबाडोंगर. तिथल्या कार्बोनेटाइटची (मुख्यतः कार्बोनेटचा बनलेला अग्निज खडक) नोंद सुखेस्वाला आणि उदास यांनी १९६३ मध्ये केली. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या बरोबरीचं.

अंबाडोंगरला फ्लोराइट हे फ्लोरिनचं खनिजही मोठ्या प्रमाणात आहे, आणि इथेच पुढची चूक होते. फ्लोराइट आणि दुर्मीळ मृदा शेजारी दिसल्या की ‘गरम पाण्यात फ्लोराइडनेच त्यांना वाहून आणलं’ असं लिहून टाकतात. जुन्या पुस्तकांतही हेच आहे. पण गरम पाण्यावरचे प्रयोग वेगळं सांगतात. दुर्मीळ मृदांची ने-आण मुख्यतः क्लोराइड आणि सल्फेट करतात. फ्लोराइड, कार्बोनेट, फॉस्फेट भेटले की त्या खाली बसतात, त्यांची बास्टनेसाइट किंवा मोनाझाइट ही खनिजं होतात. म्हणजे फ्लोरिन बहुतेकदा गाडी नाही, थांबा आहे.

फक्त टक्केवारी बघणं

एक टक्का दुर्मीळ मृदा म्हटलं की डोळे चमकतात. त्या कोणत्या खनिजात आहेत, हा प्रश्न आधी विचारा. युडियालाइट आम्लात चटकन विरघळतं, त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच तो. पण त्याची सिलिका जेली होऊन बसते आणि गाळणी तुंबते. रशियाच्या लोवोझेरोत मात्र लोपाराइट या दुर्मीळ मृदा आणि निओबियम असलेल्या खनिजाची खाण कित्येक दशकं चालू आहे. लोपाराइट जड असल्यामुळे वेगळं काढणं सोपं जातं. म्हणून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय टक्केवारीवर बोलू नये, असं माझं मत आहे.

वरची कुजलेली माती टाकून ताजाच खडक घेणं ही सवय एरवी चांगली, इथे महाग पडते. ब्राझीलमधल्या अराशाचं निओबियम आणि ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्डच्या दुर्मीळ मृदा खाणीच्या लायक झाल्या त्या कार्बोनेटाइटवरच्या कुजक्या थरात. पावसाने कार्बोनेट धुऊन नेलं, धातू मागे उरला.

आणि अहवालात थोरियम-युरेनियमचा रकाना मागायला विसरू नका. हे दोघे शोधाला मदतही करतात: कॅलिफोर्नियातलं माउंटन पास १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांनाच सापडलं. उलट इलिमाउसाकच्या उत्तर टोकाला क्वानेफ्येल्डचं मुख्य खनिज स्टीनस्ट्रुपाइन युरेनियम धरून आहे. २०२१ मध्ये ग्रीनलंडने दहा लाखांत १०० भागांहून जास्त युरेनियम असलेल्या खाणकामावर बंदी घातली, आणि तो प्रकल्प अडला.