वृद्धाश्रमात शिकायला जाताना : तरुण स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

वृद्धाश्रमाला भेट देणाऱ्या महाविद्यालयीन स्वयंसेवकांचा बराचसा वेळ फळवाटप, गाण्यांचा कार्यक्रम आणि छायाचित्रे यांत जातो. त्यातून तेथील ज्येष्ठांना घटकाभर विरंगुळा मिळतो हे खरे. परंतु ज्यांनी जन्मभर शेत, गिरणी, शाळा किंवा मोठ्या खटल्याचे घर सांभाळले, त्यांना अशा भेटीत केवळ घेणाऱ्याच्या जागी बसावे लागते. म्हणून काही देण्यासाठी जाण्याऐवजी त्यांच्याकडून एक ठरावीक गोष्ट शिकण्यासाठी जावे, आणि तसे त्यांना मोकळेपणाने सांगावे.

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत 240 तासांच्या नियमित कामाची अपेक्षा असते. हे तास अनेक संस्थांत विखुरण्यापेक्षा एकाच वृद्धाश्रमात, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, दोघा-दोघांच्या जोडीने द्यावेत. व्यवस्थापकांची परवानगी घेताना जेवणाच्या, औषधांच्या व दुपारच्या विश्रांतीच्या वेळा विचारून घ्याव्यात. सहसा दुपारच्या चहानंतरचा तास सोयीचा ठरतो. मधुमेह किंवा पथ्य असू शकते, त्यामुळे खाऊ परस्पर देऊ नये. कोणाला ‘आजी’ म्हटलेले आवडते, तर निवृत्त शिक्षिकेला ‘बाई’ हीच हाक आपली वाटते. म्हणून काय म्हणावे हे पहिल्याच दिवशी विचारावे. त्या दिवशी शिकण्याची घाई करू नये, ओळख झाली तरी पुरे.

काय शिकायचे, हे मात्र नेमके हवे. ‘तुमचे अनुभव सांगा’ असे म्हटले की समोरची व्यक्ती ‘आमचे काय अनुभव असणार’ म्हणून विषय संपवते. त्याऐवजी ‘मला पावकी-निमकी (पाव, अर्धा अशा अपूर्णांकांचे पाढे) शिकवाल का?’ असे विचारून पाहावे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असा हिशेब असल्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे शाळेत तोंडपाठ करून घेत. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या अनेकांना ते अजून येतात. साताची औटकी (म्हणजे साडेतीनपट) साडेचोवीस, हे मोबाइल हातात न घेता येणारे उत्तर ऐकून थांबू नये. रोज पाच ओळी पाठ कराव्यात आणि पुढच्या भेटीत म्हणून दाखवाव्यात. चुकल्यावर त्यांनी लगेच थांबवले, तर शिकवणे खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.

हाताच्या कामात हे नाते आणखी सहज जुळते. गोधडी शिकायची असल्यास जुनी सुती लुगडी किंवा साड्या, जाड दोरा आणि लांब सुई आपण न्यावी. नजर कमी झालेल्या आजींना सुईत दोरा ओवून द्यावा लागतो. पण थर कसे पसरायचे, सुरकुती कुठे दाबायची आणि दोरा किती ओढला की कापड चुणते, हे त्यांच्या बोटांना दिसते. आपला वाकडा टाका त्यांनी उसवायला सांगितला, तर तो निमूटपणे उसवावा. जात्यावरच्या ओव्यांचेही असेच आहे: नुसते बसून आठवेनात, तर दळण्यासारखा हात फिरवत आठवून पाहण्याची विनंती करावी.

आठवणी विचारायच्या असतील, तर घटना व वस्तू यांचा आधार द्यावा. पुण्याच्या आजोबांना 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात पाणी कुठवर आले होते हे विचारावे, मराठवाड्यातील आजींना 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम व सुकडी (तेव्हा वाटले जाणारे कोरडे पौष्टिक अन्न) यांविषयी विचारावे. मात्र उपासमार, मृत्यू किंवा घरच्यांनी दूर केल्याचे दुःख निघाले, तर पुढचा प्रश्न न विचारता नुसते ऐकावे आणि निघण्यापूर्वी तेथील काळजीवाहकांना कल्पना द्यावी.

ऐकू कमी येत असल्यास ओरडू नये. समोर, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसून, खालच्या पट्टीत सावकाश बोलावे, आणि उत्तराला वेळ लागला तरी वाक्य स्वतः पुरे करू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ‘आठवत नाही का?’ असे कधीही विचारू नये. ती तीच गोष्ट पुन्हा सांगू लागली, तर पहिल्यांदाच ऐकत असल्याप्रमाणे ऐकावी.

ध्वनिमुद्रणाआधी त्या व्यक्तीची स्वतःची संमती घ्यावी. व्यवस्थापकांची परवानगी म्हणजे ती संमती नव्हे. लिहिलेला मजकूर पुढच्या भेटीत वाचून दाखवावा आणि त्यांनी वगळायला सांगितलेले वगळावे. मोठ्या अक्षरांतील एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी. नातेवाइकांना पाठवायची की नाही, हे त्यांनीच ठरवावे. परीक्षेमुळे खंड पडणार असेल, तर परत येण्याची तारीख त्यांच्या खोलीतील दिनदर्शिकेवर लिहून द्यावी, आणि येणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशीच फोन करून कळवावे.