आधी आजी, मग मूल : कोल्हापुरात बालसंरक्षणाच्या कामाला येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पोरं-पोरी पहिल्यांदा फिल्डवर्कला आली की एक प्रश्न हमखास येतो : मॅडम, मुलांशी बोलायला कधी मिळणार? मी म्हणते, मिळेल, आधी हे रेशनकार्ड बघ, यात पोराचं नाव कुठंय? चेहरे पडतात. सायबर कॉलेजात केसवर्क (एकेका व्यक्तीबरोबर करायचं काम) शिकून आलेल्याला वाटत असतं की एक खोली, समोर मूल, मध्ये रंगीत खडू. तसंही होतं, पण तो आठवड्यातला लहानसा भाग. बाकीचं काम मोठ्या माणसांबरोबर : आजी, मामी, चुलता, वर्गशिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून. मी संस्थाबाह्य काम करते, म्हणजे मूल बालगृहात न जाता कुठल्यातरी घरात टिकावं यासाठीचं. जे लिहितेय ते त्याबद्दलच.

कायद्याचं थोडक्यात उरकते, कारण ते परीक्षेला असतंच. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मध्ये आला, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. टाकलेलं, हरवलेलं, घरात मार खाणारं, कामाला जुंपलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढं आणायचं, अशा मुलांबद्दल निर्णय तीच घेते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा आणि समितीनं चार महिन्यांत अंतिम आदेश काढायचा. हा अहवाल तुमच्या हातचा असतो. मूल कुठल्या घरात झोपणार हे त्या कागदावर ठरतं, म्हणून त्याच्याबद्दल पुढं सविस्तर सांगते.

कोल्हापुरात एक अडचण आहे, ती पुस्तकात सापडणार नाही. आपल्या गावाला बोर्डिंगचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली, आणि त्यातून शिकून निघालेल्यांची नातवंडं आज आपल्याच ऑफिसात बसतात. त्यामुळं नवरा गेलेली बाई आपल्याकडं येते ती थेट मागणी घेऊनच : "ह्याला बोर्डिंगात टाका, दोन येळचं जेवंल तरी." तिच्या मनात शाहू महाराजांचं बोर्डिंग असतं, आपल्यासमोर बालगृहाचा अर्ज असतो. दोन्ही गोष्टी एक नाहीत. शिकण्यासाठी घर सोडणं वेगळं आणि घरात दाणा नाही म्हणून घर सुटणं वेगळं. कायदाही सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. माझं मत विचाराल तर, निव्वळ गरिबीपायी बालगृहात गेलेलं प्रत्येक मूल म्हणजे कुठल्यातरी कार्यालयात न भरला गेलेला एक अर्ज.

तो अर्ज बहुतेक वेळा बालसंगोपन योजनेचा असतो. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मुलामागं महिन्याला पूर्वी १,१०० रुपये मिळायचे, २०२३ पासून २,२५० झाले. अनाथ मुलं, एकच पालक असलेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेली मुलं यात बसतात. दुसरी वाट मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वाची : महिन्याला ४,००० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत हवं. आकडे पाठ असलेले बरे, कारण गृहभेटीत पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच. कागदांतला सगळ्यात चिवट कागद म्हणजे मृत्यू दाखला. मृत्यू जिथं झाला तिथली नोंद चालते. बाई राहायला कागलला, वारली मिरजेच्या दवाखान्यात, आणि घरचे महिनोन्‌महिने कागलच्या नगरपालिकेत खेटे घालतात. हे एकदा कळलं की तुम्ही अर्ध्या तासात त्यांचा अर्धा प्रश्न सोडवता, आणि पुढच्या भेटीला चहा दुधाचा मिळतो.

आता गृहभेट. नावगाव बदलून सांगते. शिरोळ तालुक्यातलं घर, आजी आणि नऊ वर्षांचा नातू. आई वारलेली, बापानं दुसरा संसार थाटलेला. आजीची तक्रार एकच : "चोरतंय वो ताई हे. मी काय उपाशी ठेवतो व्हय ह्याला?" उशीच्या अभ्र्यात भाकरीचे वाळके तुकडे, गोधडीच्या घडीत बिस्किटाचा अर्धा पुडा. आजीकडं येण्याआधी पोरगं एका नातलगाकडं होतं, तिथं फडताळाला कुलूप असायचं. हे आजीनं सांगितलं नाही, ते शेजारणीकडून कळलं. अशा वेळी मुलाला बसवून "तू चोरतोस का" असं विचारत बसलात तर पुढचे दोन महिने ते तोंड उघडणार नाही. आम्ही आजीशीच बोललो. एक स्टीलचा डबा त्याच्या नावचा, त्यात शेंगदाणे, गूळ, चुरमुरे. रोज संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर भरायचा, झाकण तो कधीही उघडणार, त्यावर कोणी बोलायचं नाही. आजी म्हणाली, मुंग्या लागतील. लागू देत म्हटलं. मुंग्या लागल्याच. पण हळूहळू उशीतल्या भाकरी थांबल्या, आणि त्यानंतर पोरगं शाळेतलं काहीबाही सांगायला लागलं, तेही आधी आजीला, मला नाही. असंच व्हायला हवं. मूल तुमच्यापाशी मोकळं झालं आणि घरात गप्पच राहिलं, तर तुमची बदली झाल्यावर त्याच्याकडं काय उरलं?

या भेटीचा अहवाल कसा लिहायचा? "कुटुंब गरीब पण प्रेमळ आहे" हे वाक्य मी प्रत्येक नवीन माणसाच्या अहवालातून खोडते. समितीला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी : आजी पहाटे दुसऱ्याच्या गोठ्यावर जाते, सकाळी आठला परतते, दुपारी खुरपायला जाते, मुलगा शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत एकटा असतो, शेजारी अंगणवाडी सेविका राहते आणि ती लक्ष ठेवायला तयार आहे. एवढं लिहिलं की आदेशात त्या सेविकेचं नाव येऊ शकतं. आणखी एक. विधवा आई असेल तर ती बहुधा आतल्या खोलीत असते आणि दीर किंवा सासरा बाहेर बसून तिच्या वतीनं उत्तरं देतो. हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तोही शिरोळ तालुक्यातच, तरी ठराव आतल्या खोलीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पाणी मागायच्या निमित्तानं आत जा आणि तिच्याशी वेगळं बोला.

नात्यात कोणीच नसेल तेव्हा खरं फॉस्टर केअर येतं, म्हणजे प्रतिपालकत्व. आपल्याकडं हे अजून थोडंच चालतं, आणि येणाऱ्या दहा जोडप्यांतली बरीचशी मनातून दत्तक मागायलाच आलेली असतात. दत्तकाची रांग लांब, म्हणून ही मागची खिडकी. त्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं लागतं : आडनाव लागणार नाही, जन्मदाते हयात असतील तर समितीनं मनाई केली नसेल तोवर भेटायला येणार, दर महिन्याला तपासणी होणार, भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच येणार. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दार थोडं रुंद केलं. एकट्या व्यक्तीलाही आता प्रतिपालक होता येतं (एकट्या पुरुषाला फक्त मुलगा), आणि मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असेल तर पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं ते आता दोन. पण जी जोडपी "दोन वर्षांनी आमचाच ना?" असं पहिल्या दिवशी विचारतात, त्यांच्या घरी दुसऱ्यांदा जाताना मी जास्त सावध असते. जी विचारतात की त्याला रात्री लाईट लागते का, त्यांची फाईल वर ठेवते.

मनाच्या आजाराचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. "आमचं पोरगं येडं न्हाई" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. आधी देवऋषी झालेला असतो, लिंबू उतरून झालेलं असतं, त्यावर वाद घालू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पहिल्यांदा नेताना मी "डोक्याचा डॉक्टर" म्हणत नाही, "झोपेचं बघू" म्हणते. खोटं नाही ते, झोप बिघडलेली असतेच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आजीच्या मोबाईलमध्ये नातवाकडूनच सेव्ह करून घ्या. फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही लागतो. पूरपट्ट्यात याचा विशेष उपयोग. २०१९ चा महापूर पाहिलेली मुलं आता मोठी झाली, पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेल्याचा मेसेज आला की त्यांच्या घरात कोणी झोपत नाही. ३९ ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. जुलैत गृहभेटी लावताना हे ध्यानात ठेवा. त्या आठवड्यात मूल चिडकं दिसलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

अत्याचाराची शंका आली तर मात्र समुपदेशन, विश्वास, वेळ हे सगळं बाजूला. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. वरिष्ठांना सांगा, पोलिसांना कळवा, मुलाला पुन्हापुन्हा तीच हकिगत सांगायला लावू नका. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक आता सरकारी यंत्रणेकडून चालतो, तोही तोंडपाठ हवा.

ओळख जपण्याबद्दल. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, पण कोल्हापूर एवढंसं की वर्तमानपत्रापेक्षा व्हॉट्सअॅप स्टेटसचा धोका मोठा. वाढदिवसाचा केक, मागं चार मुलं, खाली "समाधान". असलं काही टाकू नका. महाद्वार रोडवर केसमधली आई समोर आली तर आपण आधी हाक मारायची नाही. तिनं ओळख दाखवली तर बोला, नाहीतर चपला बघत पुढं चला.

पगाराचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मिशन वात्सल्यच्या नियमावलीत जिल्हा बालसंरक्षण कक्षातल्या समाजसेवकाला १८,५३६ रुपये मानधन आहे, क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२. नेमणूक कंत्राटी. स्वयंसेवी संस्थांत आकडा वरखाली होतो. चंदगडची एक गृहभेट म्हणजे सगळा दिवस आणि एसटीचं तिकीट, तेव्हा मुलाखतीत प्रवासखर्च वेगळा मिळतो का ते लाजून न जाता विचारा. एका माणसाकडं किती केसेस असतात तेही विचारा. आणि विचारा की जड गेलेल्या केसवर बोलायला वरिष्ठ कोण आहे, किती दिवसांनी बसतात. पहिल्या दोन्हींची उत्तरं वाईट आली तरी एखाद्या वर्षासाठी नोकरी धरायला हरकत नाही. तिसऱ्याला "तसं काही लागत नाही, आमची टीम घरच्यासारखी आहे" असं ऐकायला मिळालं, तर चहा घ्या, आभार माना आणि दुसरीकडं अर्ज टाका.