फुटसालचा मोसम: पावसाळ्यात गोव्यात संघ बांधताना

फुटसाल म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांत खेळायचा फुटबॉल. आधी चेंडू तपासा. ४ नंबरचा, ४०० ते ४४० ग्रॅमचा. २ मीटरवरून सोडल्यावर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटर उठला पाहिजे. मैदानावरच्या फुटबॉलचा ५ नंबर आणलात तर सरावच फुकट.

जून ते सप्टेंबर खरा वैरी म्हणजे दमट हवा. म्हापशाचं पेडे असो वा मडगावजवळचं नावेली, हॉलच्या फरशीला घाम सुटतो. कोरडा मॉप आणि सपाट रबरी तळाच्या बुटांची जादा जोडी जवळ हवीच. बूट बाहेरून घालून येऊ नका, चिखलाचा एक कण पुरतो घसरायला.

फाऊल मोजायला बाकावर एक माणूस बसवा. एका हाफमध्ये संघाचा सहावा झाला की समोरच्या संघाला १० मीटरवरून भिंतीविना (मध्ये बचाव करणाऱ्यांची रांग न लावता) फ्रीकिक, आणि पुढच्या प्रत्येकाला तेच. पाचव्यानंतर मागून टॅकल नकोच.