हिलेलमध्ये तेच ते चेहरे का दिसतात? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांचं हक्काचं ठिकाण म्हणजे हिलेल. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात त्याची सुरुवात झाली, आज ते शेकडो कॅम्पसवर आहे. शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो: सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लागतात, किद्दूश (द्राक्षारसावरची प्रार्थना) होतो, खल्ला (वेणीसारखा पाव) वाटला जातो, जेवायला सगळ्यांना बोलावणं असतं. तरी सेमिस्टर अर्ध्यावर येईतो टेबलाभोवती तेच ते चेहरे उरतात. बाकीची मुलं उदासीन असतात, हे मला पटत नाही. ती कोण आहेत, हे हिलेल चालवणाऱ्यांपैकी बऱ्याचदा कुणी विचारलेलंच नसतं.

दारातच चौकशी

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक ही. "तुझी आई ज्यू आहे का?" परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स आणि मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांत ज्यूपण आईकडून येतं. उदारमतवादी रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये ज्यू वडिलांच्या, ज्यू संस्कारांत वाढलेल्या मुलांनाही आपलं मानलं. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत ४२ टक्के विवाहित अमेरिकी ज्यूंचा जोडीदार ज्यू नव्हता. म्हणजे असा प्रश्न ऐकून मागे फिरणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. मिन्यानचा (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांचा) किंवा लग्नाचा विषय निघेल तेव्हा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बघतील. दारात नाव विचारा, खुर्ची द्या, एवढं पुरे.

सगळ्यांचं घर पोलंडमधलं समजणं

अमेरिकेत अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू, बहुसंख्य, म्हणून ताटही त्यांचंच. पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, आला की हे फार जाणवतं. अश्केनाझी रीतीत त्या दिवसांत पावाबरोबर भात आणि कडधान्यंही वर्ज्य, पण इराकी, इराणी आणि अनेक सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या) घरांत भाताशिवाय सेदर, म्हणजे पेसाखचं विधिवत जेवण, होत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये अश्केनाझींनाही भात चालेल असा निर्णय दिला, तरी भात वाढून घेणाऱ्याकडे अजून वळून पाहिलं जातं. उपाय सोपा आहे: कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्याशी काही आठवडे आधी बोला, भात वेगळ्या भांड्यात शिजवा, वेगळ्या टेबलावर ठेवा आणि ठळक पाटी लावा. दोन्ही रीतींची मुलं एकाच दालनात जेवतील.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू घरातली एखादी मुलगी तिथे असेल, तर तिच्याकडे मलिदा आहे: भिजवलेले गोड पोहे, खोवलेला नारळ, फळं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण. तिला हवं असेल तर मलिद्याची एक संध्याकाळ जरूर ठेवा. पण दर वेळी तिलाच उभं करून "भारतातल्या ज्यूंबद्दल सांग" म्हणू नका. ती मैत्रिणींसोबत जेवायला आलेली असते.

अडचण श्रद्धेची समजणं, असते कुलपाची

ऑर्थोडॉक्स विद्यार्थी शब्बाथला वीज वापरत नाहीत. वसतिगृहाचं दार इलेक्ट्रॉनिक कार्डाने उघडत असेल, तर जेवून परतलेला मुलगा बाहेरच अडकतो. दोनदा असं झालं की तो यायचा थांबतो, आणि आपण समजतो की त्याला मिसळायचं नाही. वसतिगृहाच्या कार्यालयाकडून साधी किल्ली मिळवून द्या.

परीक्षांचंही तेच. हिब्रू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना येतो, १९ वर्षांत सात वेळा. त्यामुळे योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा आणि उपवासाचा दिवस, कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात पडतो आणि प्राध्यापकांच्या ध्यानात राहत नाही. सण आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो हेही त्यांना लेखी कळवा. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच पत्र गेलं, तर परीक्षेची तारीख बदलून मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

पोस्टरवर भिस्त

पोस्टर पाहून येणारी मुलं बहुधा आधीच येणारी असतात. प्रयोगशाळेत, नाटकाच्या गटात, फुटबॉलच्या मैदानावर असलेल्यांपर्यंत त्यांचाच मित्र पोहोचतो. अशा मित्रांना कॉफीचे पैसे द्या आणि एकच काम सांगा: ऐकून या. त्या कॉफीत कार्यक्रमाचं आमंत्रण घुसडू नका. कुणाला शब्बाथ आठ जणांच्या खोलीत हवा असतो, कुणाला प्रार्थनेविना नुसतं जेवण, कुणाला तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) शिकायची असते पण हिब्रू वाचता येत नाही म्हणून संकोच असतो. पीएच.डी. करणाऱ्यांना अठरा वर्षांच्या मुलांत बसायला अवघडतं, त्यांचं जेवण निराळं ठेवा.

मताची परीक्षा

ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा हल्ला आणि गाझातलं युद्ध यानंतर हा भाग फार नाजूक झाला आहे. कुणाचे नातेवाईक इस्राएलमध्ये आहेत, कुणी तिथल्या सरकारवर संतापलेलं आहे, कुणी गाझातल्या बातम्यांनी हादरलेलं आहे, आणि काही जणांच्या बाबतीत हे तिन्ही खरं आहे. शब्बाथच्या टेबलावर कुणाला बाजू सांगायला लावू नका. चर्चा हवीच, पण तिचा दिवस वेगळा आणि आधी जाहीर केलेला असू द्या. फोटो टाकण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा. किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) किंवा डेव्हिडचा तारा घालून बाहेर वावरायला कचरणारी मुलं आहेत. ती आत येतात ती आपला फोटो कुठे जाणार नाही याची खात्री असेल तरच.