मधुमेहावरील वनौषधींच्या अर्कांची चाचणी : या चुका टाळा

गडचिरोली, गोंदिया किंवा मेळघाटच्या जंगलपट्ट्यातील महाविद्यालयांत गुडमार, बिजा आणि जांभळाच्या बियांचे अर्क मधुमेहासाठी तपासण्याचा प्रकल्प अनेक विद्यार्थी हौसेने निवडतात. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे मूळही गॅलेगा या वनस्पतीतील घटकाच्या अभ्यासात आहे. त्यामुळे या वाटेने जाणे योग्यच आहे. मात्र यातील बरेचसे ‘यश’ चाचणीतील दोषातून आलेले असते.

पहिली चूक ओळखीची. केवळ स्थानिक नावावर विसंबून आणलेली गुळवेल तिच्याच कुळातील दुसरी जातही असू शकते, आणि भुकटी झाल्यावर ओळख पटवणे फार अवघड होते. म्हणून वाळवण्यापूर्वीच पाने व फुलांसह नमुना दाबून ठेवावा आणि वनस्पतीशास्त्र विभागाकडून त्याची खात्री करून घ्यावी. गुडमारचे पान चघळल्यावर साखर वाळूसारखी बेचव लागते, हा अनुभव खरा आहे. पण तो जिभेवरील गोडाच्या संवेदनेपुरता असून त्यावरून रक्तातील साखरेविषयी काहीच सिद्ध होत नाही.

पावसाळ्यात तोडलेला पाला गोणीत दाबून ठेवल्यास त्याला बुरशी लागते. तो त्याच दिवशी सावलीत पातळ पसरावा.

सर्वाधिक घोळ अमायलेज या स्टार्चची साखर करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) चाचणीत होतो; अर्क या विकराचे काम किती रोखतो, म्हणजेच त्याचा रोध, तिच्यात मोजतात. साखर मोजण्यासाठी वापरला जाणारा डीएनएस अभिकर्मक स्टार्चपासून सुटलेल्या साखरेबरोबरच अर्कात आधीपासून असलेल्या साखरेशीही रंग देतो, शिवाय अर्काचा स्वतःचा तपकिरी रंगही ५४० नॅनोमीटरवरील वाचनात मिसळतो. त्यामुळे अर्काची मात्रा वाढवल्यावर विकराचा रोध घटत गेला किंवा उणे आला, तर अर्काला दोष देण्यापूर्वी ब्लँक तपासावा. प्रत्येक मात्रेसाठी अर्क, स्टार्च व बफर असलेली, फक्त विकर नसलेली नळी स्वतंत्रपणे लावणे हाच त्यावरचा उपाय आहे.

याउलट अगदी कमी मात्रेतही जवळजवळ पूर्ण रोध दिसला, तर आनंदाआधी शंका यायला हवी, कारण सालींतील आणि बियांतील टॅनिन हा तुरट घटक कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचा साका करतो आणि विकर निकामी होते. पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पदार्थाने टॅनिन काढून चाचणी पुन्हा करावी. परिणाम नाहीसा झाला तर तो टॅनिनचा होता, असे अहवालात स्पष्ट लिहावे. मिथेनॉल किंवा डीएमएसओ या द्रावकाचा नियंत्रण नमुना आणि तुलनेसाठी अकार्बोज हे अमायलेज रोखणारे औषध त्याच दिवशी, त्याच संचात लावावे.

प्राण्यांवरील चाचणी नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय करू नये. स्ट्रेप्टोझोटोसिन हे उंदरांत मधुमेह घडवण्यासाठी वापरले जाणारे रसायन पीएच ४.५ च्या थंड सायट्रेट बफरमध्ये ऐनवेळी विरघळवावे. ठेवलेले द्रावण निकामी होते आणि उंदरांना मधुमेहच होत नाही.

परीक्षानळीतील निकालावरून गावातील कोणालाही अर्क देणे मला अक्षम्य वाटते. इन्सुलिन बंद केल्यास टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो, तर चालू औषधांच्या जोडीला अर्क घेतल्यास साखर एकाएकी घसरू शकते. आठ दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली, हा पुरावा नव्हे. एचबीए१सी ही रक्तचाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते आणि माणसांवरील अभ्यासासाठी नैतिक समितीची मंजुरी, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत पूर्वनोंदणी व डॉक्टरांची देखरेख हवीच.