फाइल कोणाची छापलीस? इंजिनिअरिंगला मार्क नेमके कुठे जातात

रिझल्ट लागला की गावाकडच्या एक-दोन पोरांचा फोन येतोच, दादा बारावीला एवढे चांगले मार्क होते आणि इथे एम थ्री (दुसऱ्या वर्षाचं मॅथ्स) राहिला, आता घरी काय सांगू. मी बाकी काही विचारत नाही, एवढंच विचारतो की फाइल कोणाची छापली होतीस, म्हणजे प्रॅक्टिकलची वही कोणाची बघून उतरवलीस. मग फोनवर जरा शांतता.

आपण सगळे समजतो की मार्क परीक्षेत जातात. तसं नाहीये, ते सेमभर थोडे थोडे गळत असतात आणि परीक्षेत फक्त हिशेब होतो. पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्नच घ्या, त्यात इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, ३० मार्कांची पहिल्या दोन युनिटवर आणि एंडसेम, शेवटची, ७० ची उरलेल्या चार युनिटवर ठेवली होती. म्हणजे "अजून सेम कुठे संपतंय" म्हणत तुम्ही टपरीवर बसलेले असता तेव्हाच १०० पैकी ३० चा निकाल लागून गेलेला असतो. आणि ते "एक युनिट ऑप्शनला टाकू" वालं गणित पण बसत नाही, कारण त्या पॅटर्नमध्ये क्यू १ किंवा क्यू २ हे दोन्ही एकाच युनिटचे, एंडसेमला युनिट सोडलं की सरळ १७-१८ मार्क गेले.

माझंच सांगतो. मेकॅनिकल, दुसरं वर्ष, माइल्ड स्टीलच्या रॉडची टेन्साइल टेस्ट. यूटीएमवर, म्हणजे रॉड ताणून तोडायच्या मशीनवर, रॉड लावला, मशीन सुरू झालं, मी सगळ्यात मागे भिंतीला टेकून मोबाइलवर. टप्प करून रॉड तुटल्याचा आवाज आला तेवढंच माझं प्रॅक्टिकल. रीडिंग मित्राच्या फाइलमधून, मित्राने ती सिनियरच्या फाइलमधून घेतलेली, म्हणजे आख्ख्या बॅचच्या रॉडचा डायमीटर दशांशापर्यंत सेम. ओरलला एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, माझ्याच ग्राफवर बोट ठेवलं, सगळ्यात वरच्या पॉइंटनंतर हा कर्व्ह खाली का आला? मी ठोकून दिलं, सर मशीनचा लोड कमी केला. सर हसले पण नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडे, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

उत्तर साधं होतं. त्या पॉइंटनंतर रॉड एका जागी बारीक व्हायला लागतो, नेकिंग म्हणतात त्याला, आणि तेवढ्या बारीक भागाला ताणायला लोडही कमी लागतो. पण आपण स्ट्रेस काढताना भागतो सुरुवातीच्याच एरियाने, म्हणून ग्राफ खाली येतो. त्या बारीक भागाचा खरा एरिया घेतला तर स्ट्रेस वाढतच असतो. माझ्या बॅचमधल्या ज्या पोराने तुटलेला रॉड हातात घेऊन व्हर्नियरने ती मान मोजली होती त्याला हे वाचावंच लागलं नाही, आणि थिअरीत त्यावर प्रश्न आला तेव्हा त्याने आकृतीसकट लिहून टाकला.

तर आता करायचं काय. लॅबमध्ये पुढे उभं राहायचं, निदान एक रीडिंग स्वतःच्या हाताने घ्यायचं, व्हर्नियर असेल तर झिरो एरर आधी बघून लिहून ठेवायचा. वेडंवाकडं रीडिंग आलं तरी खोडायचं नाही, ते का आलं हे विचारायला सर समोरच असतात, नंतर हातात सापडत नाहीत. मग त्याच रात्री, मेसमधून आल्यावर, अर्धा-पाऊण तास. आधी कॅल्क्युलेशन करायचं, थिअरी नंतर, कारण अडायला होतं ते कॅल्क्युलेशनमध्येच. कन्क्लूजन "अशा प्रकारे प्रयोग यशस्वी झाला" असलं नको, काय किंमत आली आणि पुस्तकातल्या किमतीपेक्षा किती वेगळी आली ते दोन ओळीत. शेवटच्या पानामागे पेन्सिलने तीन "का" लिहायचे, एक्स्टर्नल काय विचारेल असे. ओरलच्या आदल्या रात्री एवढीच पानं उलटायची.

अडलं तर मित्राची फाइल बघा की, कोण नको म्हणतंय, पण बघून झाली की बंद करायची आणि मग लिहायचं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते.

आणि हो, फाइल सुंदर असणं वेगळं आणि स्वतःची असणं वेगळं. तीन रंगांच्या पेनांनी सजवलेल्या फायलीवाल्यांना पण बॅकलॉग लागलेले बघितलेत मी. उलट आमच्यातला एक टॉपर बिनधास्त छापायचा, हे पण कबूल करतो, पण तो रात्री रूमवर आम्हा सहा जणांना तोच विषय शिकवत बसायचा, त्याचं काम तिथे होत होतं.

एम थ्री, एम टूचं पण असंच आहे, लाप्लासचे फॉर्म्युले पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, बसून गिळता येत नाहीत, रोज दोन गणितं, सोल्युशन झाकून. अटेंडन्सवर जास्त बोलत नाही, ७५ टक्के ठेवा, कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमागे पळण्यात जो वेळ जातो त्यात एक युनिट होतं.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये मात्र पहिल्याच आठवड्यात कोण काय करणार ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाका. नाहीतर एकजण कोड लिहितो, एकजण रिपोर्ट टाइप करतो, एकजण समोसे आणतो, आणि रिव्ह्यूला सर प्रश्न नेमका समोसेवाल्याला विचारतात. तुमच्या वाट्याचं काम अडलं तर चार दिवस आधी सांगा, आदल्या रात्री फोन बंद करून झोपू नका. गाइडलाही तसंच, "सर हे जमलं नाही, इथपर्यंत आलोय" म्हटलं की बहुतेक सर पुढचा रस्ता दाखवतात, खोटा आउटपुट दाखवला की मग प्रत्येक गोष्टीवर शंका घेतात. लॅबवाल्या काकांशी पण नीट बोला, शनिवारी लॅब उघडून देणारा माणूस तोच असतो.

हे वाचत असताना तुमच्या पाच फायली आधीच पेंडिंग असतील तर त्या सगळ्या आज रात्री लिहायला बसू नका, परत छापूनच होणार. या आठवड्यात जे प्रॅक्टिकल झालंय ते आधी स्वतः लिहा, लगेच सही घ्या, आणि जुनी रविवारी एक एक करून काढा.